पिवळा वर, तांबडा खाली

चाकणजवळ, निघोज्याच्या रस्त्यावर, कंपन्यांच्या मागच्या बाजूला, माझं सीट कव्हरचं दुकान होतं. पत्र्याचं शेड, मोटर लावलेलं शिलाई मशीन, रेक्झिनचे रोल आणि कापड पसरायला लांब फळी. ट्रकच्या केबिनचे पडदे, गाद्या, झालरी, आरशाला बांधायचे गोंडे, असलं सगळं मी शिवायचो.

त्याआधी सात वर्षं मी एका कंपनीत पॉवर प्रेसवर होतो. नग जास्त निघावेत म्हणून तिथं हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवून मशीन चालवायचे. एका सकाळी पत्रा आत सरकवताना माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं डायमध्ये राहिली. मी ओरडलो नाही. शेजारच्या मशीनवरचा ओरडला आणि तिथंच ओकला. मी नुसता हाताकडं बघत होतो आणि डोक्यात एकच विचार, की आता तो पत्रा वाया गेला. पुढं कंपनीनं काही महिने मला गेटवर बसवलं आणि मग घरी बसवलं. बायकोला शिवणकाम येत होतं. काळेवाडीतल्या आमच्या खोलीत तिनं मला तीन बोटांनी कात्री धरायला शिकवलं.

दुकानाची जागा एका म्हाताऱ्याची होती. गावचे जुने शेतकरी. जमीन कंपन्यांत गेली आणि रस्त्याकडेची एक पट्टी उरली, तिच्यावर त्यांनी शेड टाकून मला दिलं. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणायचो. दिवसभर ते शेडच्या सावलीत खुर्ची टाकून येणारे-जाणारे ट्रक बघत बसत.

माझं गाव अक्कलकोट तालुक्यातलं, हद्दीपासून चार मैलांवर. वडील मराठी बोलणारे, आई कानडी. आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात असायच्या. शाळा मराठी. दुसरीत असताना मी पाढे कानडीत म्हटले, तेव्हा गुरुजींनी लाकडी पट्टी कडेनं धरून माझ्या बोटांच्या पेरांवर मारली. रक्त निघेपर्यंत मारली. तेव्हापासून माझी कानडी तोंडातून गेली. फक्त मापं घेताना, एकटा असलो की, आकडे आपोआप आईच्या भाषेतले यायचे.

एका ऑक्टोबरात निळ्या केबिनचा एक ट्रक दुकानासमोर थांबला. धारवाडकडून लोखंडी ओतीव माल घेऊन आला होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, जाड मिशांचा, खांद्यावर टॉवेल. त्याला पडदे बदलायचे होते. मी केबिनमध्ये चढून टेप लावली आणि पुटपुटायला लागलो, "ओंदु, एरडु, मूरू…"

तो खालून बघत होता. मग कानडीत म्हणाला, "कुठला रे तम्मा तू?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आई गेल्यापासून मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी आधी रस्त्याकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग हळूच गावाचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागलो. महिन्यातून दोनदा ते यायचे. माल उतरायला रांग असायची, कधी कधी सबंध दिवस जायचा. तो दिवस ते माझ्या फळीशेजारी उलट्या डब्यावर बसून काढायचे.

दुसऱ्या खेपेला त्यांनी झेंडे शिवायला सांगितले. नोव्हेंबरच्या एक तारखेला त्यांच्याकडं राज्याचा दिवस असतो. त्यांना पाच हवे होते, एक स्वतःला आणि चार गावातल्या इतर ड्रायव्हरांना.

"सोपा आहे," ते म्हणाले. "दोन पट्ट्या. पिवळा वर, तांबडा खाली. हळद आणि कुंकू."

मी सॅटिन आणलं. दोन पट्ट्या सारख्या रुंदीच्या कापल्या, मधे दुहेरी शिलाई मारली, कडा दुमडल्या आणि काठीसाठी नेफा केला. पहिला झेंडा काठीला लावून दाखवला तर तांबडा वर. नेफ्याचं वरचं तोंड बंद करायचं, ते मी तांबड्या बाजूला केलं होतं. काका पोट धरून हसले.

"उसव," ते म्हणाले. "आधी हळद, मग कुंकू. कुंकू आधी कोण लावतं?"

उसवता उसवता मी विचारलं, हा झेंडा आला कुठून. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांचे वडील भाषेच्या चळवळीत मोर्च्याला जाणारे. काका सांगायचे, की हा झेंडा निघाला तेव्हा त्यांच्या राज्याचं नावसुद्धा वेगळं होतं. राजधानीत दुसऱ्या भाषांच्या लोकांचे झेंडे चौकाचौकात लागलेले बघून एका लेखकानं ठरवलं, की आपलाही पाहिजे. आधी तो एका छोट्या पक्षाचा होता, मग पक्ष गेला आणि झेंडा लोकांकडं राहिला. सुरुवातीला मधे नकाशा होता आणि भाताची लोंबी होती, असं वडील सांगायचे. पण लोंबी कोण शिवत बसणार? दोन पट्ट्या उरल्या. रिक्षावाले, हमाल, ड्रायव्हर, कुणीही घरी शिवावा असा झेंडा झाला.

"मग सरकारनं काय केलं?"

"सरकारला फार उशिरा जाग आली. काही वर्षांपूर्वी त्यांनी मधे पांढरी पट्टी घातली, तिच्यावर राज्याचं चिन्ह बसवलं आणि कागद दिल्लीला पाठवला. तो कागद तिकडंच आहे. तो झेंडा आम्हाला नको. आम्हाला हा." त्यांनी सॅटिनवर हात ठेवला. "कायद्यानं बघितलंस तर हा कुणाचाच नाही. म्हणून आमचा आहे."

मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या राज्याचा कुठला?"

मी म्हणालो, "भगवा."

"तो राजांचा, देवळांचा. राज्याचा कुठला?"

माझ्याच फळीवर त्या वेळी भगव्या कापडाचा गठ्ठा पडला होता, रस्त्यावरच्या एका मंडळाची ऑर्डर. ती पोरंही माझ्याकडूनच झेंडे न्यायची. त्यांच्यातल्या एकाच्या पिकअपची सीट मी नुकतीच शिवून दिली होती. काकांनी भगवं कापड बोटांत धरून बघितलं, म्हणाले, "हे चांगलं आहे. आमच्यापेक्षा जाड आहे."

नोव्हेंबरात त्यांनी एक झेंडा केबिनच्या काचेमागं लावला. तेव्हा कुणी काही बोललं नाही. डिसेंबरात मात्र हद्दीवरून पुन्हा पेटलं. टीव्हीवर रोज तेच, तिकडं गाड्या फोडल्या, इकडं बसला काळं फासलं. काकांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, येऊ नका. ते म्हणाले, "माल घरात ठेवू का? झेंडा काढून ठेवतो." आणि आले. सकाळी नऊला ट्रक मागच्या गल्लीत रांगेत लावला, दुकानात येऊन माझ्यासोबत चहा घेतला आणि झोप काढायला केबिनमध्ये गेले.

अकराच्या सुमाराला पोरं आली. सात-आठ जण. कोणत्या पक्षाची, कोणत्या संघटनेची, ते मी सांगत नाही, कारण त्यातल्या दोघांनाच ते नीट माहीत असेल. ऑक्टोबरात कुणीतरी माझ्या फळीवरच्या पिवळ्या-तांबड्या कापडाचा फोटो काढला होता, तो आता फिरत त्यांच्या मोबाइलवर आला होता. पुढं होता तो पिकअपवाला.

"भाऊ, हे तू शिवतोस?" त्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"ऑर्डर येते, शिवतो. तुमचेही शिवतो."

त्यानं माझ्या कानाखाली मारली. मी फळीवर पडलो. मग सगळेच सुरू झाले. एकानं रेक्झिनचे रोल लाथेनं रस्त्यावर ढकलले, दुसऱ्यानं कात्रीनं एक तयार गादी फाडली. कुणीतरी माझ्या पाठीत गुडघा घातला आणि माझा श्वासच बंद झाला. मी खाली वाकून कुत्र्यासारखा तोंड उघडून हवा ओढत होतो. आबा त्या वेळी घरी जेवायला गेले होते.

"कुणाला देतोस? नाव सांग. कुठं आहे तो?"

मी म्हणालो, माहीत नाही.

तेव्हा पिकअपवाल्यानं माझा उजवा हात मनगटाला धरून ओढला आणि मशीनच्या पट्टीवर ठेवला. पहिलं बोट सुईखाली. दुसऱ्या कुणीतरी खाली पाय मोटरच्या पायडलवर ठेवला. मशीन कसं चालतं, हे त्यानं माझ्याच दुकानात उभं राहून बघितलं होतं.

"सांगतोस?"

मी प्रेसचा आवाज ऐकला. खरं तर आवाज नव्हता, पण मी ऐकला. मी "थांबा" म्हणालो आणि त्याच वेळी पायडल दाबलं गेलं. सुई नखातून खाली गेली, दोनदा, तिसऱ्यांदा हाडावर मोडली. तुकडा आत राहिला.

मी सांगितलं. "निळी केबिन. मागच्या गल्लीत, रांगेत तिसरी. झोपलाय."

त्यांनी हात सोडला. ते वळले होते, निघाले होते. मला कुणी काही विचारत नव्हतं. आणि मी पुन्हा बोललो. "डावीकडचं दार ओढलं की उघडतं. त्याचं लॉक लागत नाही."

ते गेले. मी पक्कड घेतली आणि बोटातला सुईचा तुकडा काढला. रक्त पिवळ्या सॅटिनच्या चिंधीत गुंडाळलं. मग मी खाली बसलो. गल्ली माझ्या दुकानापासून दोनशे पावलांवर. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग काच फुटल्याचा आवाज. मग हॉर्न वाजायला लागला. तो थांबेचना. कुणाचं तरी अंग स्टिअरिंगवर दाबलं गेलं की तसा वाजतो. मी तो हॉर्न बसून ऐकला. उठलो नाही. एकदा गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, असं मी बायकोला नंतर सांगितलं, पण ते खोटं होतं.

हॉर्न थांबल्यावर आबा धावत आले. सत्तरीचा माणूस, हातात गुरं हाकायची काठी.

"आरं, बसला काय? तिकडं मानूस मारत्यात. चल."

"आबा, तिकडं सात-आठ जण आहेत."

"असू दे. माज्या गावात मानूस मरायचा न्हाई. ऊठ."

आम्ही पोचलो तेव्हा बहुतेक पांगले होते. दोघं अजून मोबाइल धरून शूटिंग करत होते. आबांनी काठी एकाच्या मांडीवर अशी घातली, की त्याचा मोबाइल उडून गटारात पडला. दुसरा पळाला. रांगेतले बाकीचे ड्रायव्हर आपापल्या केबिनच्या काचा वर करून आत बसले होते.

काका चाकाला टेकून पडले होते. तोंडावर, मिशांवर, डोळ्यांत काळं ऑइल ओतलेलं. डावा कान फाटून खाली लोंबत होता आणि त्याच्या आतून रक्त येत होतं. चाक खोलायच्या टॉमीनं त्यांचं डावं मनगट ठेचलं होतं. हात पंजाच्या अलीकडंच वाकत होता. आणि तोंडात झेंडा कोंबला होता, जो त्यांनी काढून गादीखाली ठेवला होता. नाकात ऑइल गेलेलं, तोंडात कापड, छाती नुसती उचक्या देत होती. मी बोटं घालून कापड ओढलं. ते येईना. दाताखाली धरलं गेलं होतं. आबांनी त्यांचा जबडा दाबून उघडला तेव्हा ते निघालं, आणि त्याबरोबर दोन दात.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आबांनी एका टेम्पोवाल्याला अडवलं. तो नाही म्हणत होता, तेव्हा आबा टेम्पोपुढं रस्त्यात बसले. चाकणच्या दवाखान्यात जाईपर्यंत काकांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि "तम्मा" म्हणाले. माझं बोट बघून म्हणाले, "तुलाही मारलं?"

मी हो म्हणून मान हलवली.

दवाखान्यात पोलीस आले. त्यांनी मला विचारलं, तोंडं ओळखता का? मी म्हणालो, रुमाल बांधले होते. रुमाल कुणीही बांधला नव्हता. आबा माझ्याकडं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी काकांची बायको आणि मेव्हणा आले आणि त्यांना गावी घेऊन गेले. त्या बाईंनी जाताना माझ्या पाया पडायला वाकून हात पुढं केले. मी मागं सरकलो तर भिंत होती.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. दाराचंही. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली. मग म्हणाली, "सुईचं समजलं. पुढचं नाही समजलं."

"मलाही नाही."

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी पिकअपवाला दुकानात आला. सीटची शिवण उसवली होती. जणू काही झालंच नव्हतं, असा फळीवर बसला.

"राग नाही ना, भाऊ? तेव्हा वातावरणच तसं होतं."

मी म्हणालो, "सीट आत आण."

तो सीट काढून घेऊन आला आणि शिवण दाखवायला वाकला. कापड मोजायचा लोखंडी गज माझ्या हाताशी होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या खांद्यावर मारला. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. तो खाली पडला, तरी मी मारत राहिलो. पाठीवर, दंडावर, डोकं झाकणाऱ्या हातांवर. तो आधी शिव्या देत होता, मग आईला हाका मारायला लागला. मला ऐकू येत होतं आणि मला ते आवडत होतं. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात जोर आहे असं वाटलं.

आबांनी मागून माझ्या कमरेला मिठी मारली आणि मला बाजूला फेकलं.

"बास. मेला म्हंजी जल्म जेलात जाईल तुजा."

"आबा, यानंच…"

"म्हाईत हाय मला. समद्या गावाला म्हाईत हाय. पन तू त्या दिशी पोलिसाला सांगितलं न्हाईस. आता गज घेऊन काय उपेग?"

मी गज खाली ठेवला. पोर फळीखाली गोळा होऊन पडलं होतं, एका डोळ्याची खोबण सुजून बंद झालेली. तेवीस-चोवीस वर्षांचं असेल. मला वाटलं होतं, आता छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं झालं नाही. आणखी एक माणूस जमिनीवर पडलाय, एवढंच वाटलं.

गावातली माणसं बसली. आबा आणि त्या पोराचा चुलता यांनी मिटवलं. त्यांनी तक्रार करायची नाही, मी पुन्हा त्या रस्त्याला दिसायचं नाही. आबांनी मशीन टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला. निघताना म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगंस. पन हितं ऱ्हाऊ बी नगंस."

काळेवाडीत आल्यावर मी बायकोबरोबर घरीच शिवायला लागलो. शाळेच्या पिशव्या, पडदे, उशांचे अभ्रे. बोटाला नख पुन्हा आलं, पण वाकडं. काकांचा मधून मधून फोन यायचा. मनगटात सळी घातली होती, डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. गिअर टाकता येत नाही म्हणून ट्रक सोडला. दर वेळी ते आधी माझी चौकशी करायचे. ते मला सहन होईना.

मी बायकोला म्हणालो, मी त्यांना सांगणार आहे.

"कशाला?"

"त्यांना माहीत असलं पाहिजे."

"त्यांना की तुला?" ती म्हणाली. "तुझ्या डोक्यावरचं त्यांच्या डोक्यावर ठेवू नकोस. त्या माणसाला एक हात आहे."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ती बाजारात गेल्यावर, फोन लावला. ते चांगल्या कानाला फोन धरत असावेत, कारण त्यांना माझं बोलणं पहिल्यांदाच लगेच ऐकू गेलं. मी कानडीत बोललो. मला वाटलं, त्यांच्या भाषेत सांगितलं तर कमी लागेल. सुईचं सांगितलं, रांगेतला तिसरा ट्रक सांगितला, मग दाराचं सांगितलं.

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या.

"ते मारताना हेच म्हणत होते," काका म्हणाले. "तुझ्या शिंप्यानंच सांगितलं, असं. मी म्हटलं, खोटं बोलतायत. मला तुझ्यापासून तोडायला बोलतायत. टेम्पोत तुझ्या मांडीवर होतो, तेव्हा खात्रीच झाली की खोटं होतं."

मी म्हणालो, "काका, सुई…"

"सुईचं ठीक आहे रे. मीही सांगितलं असतं." मग म्हणाले, "दाराचं कशाला सांगितलंस?"

मी उत्तर शोधलं. मराठीत शोधलं, कानडीत शोधलं. त्या पोरांना लवकर खूश करावं म्हणजे ती परत फिरणार नाहीत, हे कदाचित खरं असेल. पण ती तर निघालीच होती. काका वाट बघत राहिले. त्यांची बायको कुठूनतरी विचारत होती, कुणाचा फोन आहे. ते तिला म्हणाले, "कुणाचा नाही. पुण्याकडचा," आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. बायकोला मी सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, फक्त त्या संध्याकाळी माझ्या वाटणीचे अभ्रे तिनंच शिवले. मागच्या उन्हाळ्यात चाकणच्या चौकात मला त्यांच्या गावचा एक ड्रायव्हर भेटला. काका आता गावाबाहेरच्या वजनकाट्यावर बसतात, उजव्या हातानं पावत्या लिहितात, असं तो म्हणाला. मी विचारलं, माझी आठवण काढतात का? तो म्हणाला, पुण्याकडचं ते काहीच बोलत नाहीत.